पिल्लासाठी घर सुरक्षित करणे

कुत्र्याचे किंवा मांजराचे पिल्लू आणण्याआधी घरातल्या पडण्याच्या, गिळण्याच्या, कुरतडण्याच्या आणि अडकण्याच्या जागा शोधून त्यांचा बंदोबस्त करण्याचे काम. यासाठी फिरणाऱ्या अनेक याद्या परदेशी घरे डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. त्यांत मोटारीतले अँटिफ्रीझ (इंजिनातले पाणी गोठू न देणारे द्रव) आणि मॅकाडेमिया या परदेशी सुक्यामेव्याचे दाणे सापडतात; डांबरगोळ्या, मांजा, गजऱ्याचा दोरा आणि काठोकाठ भरलेली बादली सापडत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या घराची पाहणी यादी बाजूला ठेवून, जमिनीवर बसून, पिल्लाच्या उंचीवरून केलेली बरी. मांजराचे पिल्लू असेल तर ओटा, माळा आणि कपाटाचा माथाही त्यात धरावा लागतो.

शहरी फ्लॅटमधला सर्वांत मोठा धोका म्हणजे बाल्कनी आणि उघडी खिडकी. मांजर कुठूनही पडले तरी चार पायांवर उतरते, या समजुतीने बरीच मांजरे मारली आहेत. हवेत अंग वळवण्याची क्षमता पिल्लात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास पक्की होते; पण पायांवर उतरल्यानेही जबडा, छाती आणि पाय वाचतातच असे नाही. न्यूयॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयात ५ महिन्यांत आलेल्या, उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली आणि सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना इजा कमी दिसली. हा निष्कर्ष तेव्हापासून मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. मात्र जागीच मेलेली मांजरे कोणी रुग्णालयात नेत नाही, ही त्यातली उघड त्रुटी सांगायची राहून जाते.

मुंबई-पुण्यात बाल्कनीला लावतात ती नायलॉनची जाळी कबुतरे बाहेर ठेवण्यासाठी असते, मांजर आत ठेवण्यासाठी नव्हे. पिल्लू तिच्यावर चढते, ती कुरतडते, आणि कडेचे हूक सैल झाले की फट पडते. तारांच्या इनव्हिजिबल ग्रिलमधूनही लहान पिल्लू निसटू शकते, कारण डोके गेले की अंग जाते. बारीक विणीची धातूची जाळी चौकटीत घट्ट बसवणे हाच भरवशाचा उपाय. सेफ्टी डोअरच्या गजांनाही खालचे दोन फूट जाळी हवी. नाहीतर पिल्लू जिन्यात किंवा लिफ्टपाशी पोहोचते.

दुसरा मोठा धोका दोऱ्याचा, आणि तो मांजरांना अधिक. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, तो आतच सरकतो. एक टोक जिभेखाली अडकून दुसरे आतड्यात गेले की आतडे चुण्या पडून गोळा होते आणि दोरा ते आतून कापतो. शिवणाच्या डब्यातली सुई-दोरा ओवलेली रीळ, राखीची रेशमी दोरी, हारातली जर, संक्रांतीनंतर गच्चीवर उरलेला मांजा हे सगळे या वर्गात येते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत हीच जागा आंब्याची कोय, दाणे काढलेले मक्याचे कणीस आणि शिजवलेली हाडे घेतात.

भारतात २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार ८ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. त्या वयात त्याच्या तोंडात दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून ४२ कायमचे दात येतात आणि हिरड्या शिवशिवतात. चार्जरच्या वायरी आणि एक्स्टेन्शन बोर्ड याच काळात उचलून ठेवायचे. वायर चावल्यावर तोंड भाजलेले लगेच कळते. फुप्फुसांत पाणी साचणे मात्र काही तासांनी सुरू होऊ शकते, म्हणून वरवर ठीक दिसणारे पिल्लूही डॉक्टरांकडे न्यावे.

विषारी पदार्थांत औषधाचा डबा पहिला. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते; ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते, तेही मांजराला घातक. कपाटातल्या डांबरगोळ्या, झुरळांचा खडू आणि फरशी पुसायचे फिनाईल यांना बंद कपाट हवे. कांदा-लसूण, शिजवलेलेसुद्धा, तांबड्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असते. नाशिक-तासगावच्या प्रदेशात शिऱ्यातला बेदाणा पिल्लाला प्रेमाने भरवला जाणे अगदी शक्य कोटीतले आहे. झाडांपैकी सायकस, कण्हेर आणि बिट्टी कुत्र्या-मांजरांना प्राणघातक आहेत. पुष्पगुच्छातल्या लिलीचे नुसते परागकण चाटूनही मांजराचे मूत्रपिंड जाऊ शकते. मनी प्लांटने तोंड फक्त जळजळते.

पाणी साठवण्याची सवय असलेल्या घरात बादल्या आणि पिंपे झाकलेली असावीत. गावाकडे हौद आणि कठडा नसलेली विहीर. वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी आत हात फिरवून पाहावा. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकली की वाढत्या सांध्यांवरचा ताण कमी होतो. पहिले काही दिवस सगळे घर मोकळे न सोडता एकच खोली द्यावी. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी तीच खोली पुन्हा उपयोगी पडते, कारण घाबरलेले पिल्लू उघड्या दारातून सुसाट पळते.

घरात आधी कुत्र्यांचा पार्व्हो किंवा मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार होऊन गेला असेल तर विषाणू महिनोन् महिने टिकतो आणि फिनाईलवर त्यासाठी विसंबता येत नाही. घाण धुऊन काढल्यावर १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून ते १० मिनिटे फरशीवर राहू द्यावे. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

विष पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय टाळावा. जास्त मिठानेच पिल्लू दगावू शकते. उंदराचे औषध असल्यास वेष्टन सोबत न्यावे. रक्त पातळ करणाऱ्या ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व के-१ चा उतारा आहे, झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. झिंक फॉस्फाइड खाल्लेल्या पिल्लाला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवाव्यात, कारण त्याच्या उलटीतून निघणारा फॉस्फिन वायू माणसांनाही बाधतो.