बीच व्हॉलीबॉलमध्ये बोटांवर एवढा पहारा का? जरा मागची गोष्ट

मागच्या रविवारी राजेंद्रनगरकडच्या आमच्या रेतीच्या कोर्टवर (कोर्ट म्हणजे काय, दोन खांब, एक जाळी आणि डंपरभर नर्मदेची रेती) कॉलेजच्या टीमचा एक पोरगा आला. इनडोअरचा (हॉलमधल्या सहा-सहा जणांच्या व्हॉलीबॉलचा) बूस्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उंच करून देणारा, हात एकदम गोड. पहिलीच सर्व्हिस त्याने डोक्यावर बोटांनी घेतली, शिट्टी. पुढची पण तशीच घेतली, परत शिट्टी. मग वैतागून ब्लॉकच्या (जाळीपाशी हात वर करून बॉल अडवणाऱ्याच्या) मागे बोटांच्या टोकांनी हळूच बॉल टाकला तर तिसरी शिट्टी. "भिया, हात लावायचाच नाही का बॉलला?" म्हणे. पोहे खाताना त्याला जे सांगत बसलो तेच इथे टाकतोय, कारण हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

बऱ्याच लोकांना वाटतं की बीचवाल्यांनी मुद्दाम वेगळे, किचकट नियम काढलेत. मला तर उलटं वाटतं. बीचने बरंचसं जुनंच सांभाळून ठेवलंय, बदललं ते इनडोअर.

व्हॉलीबॉल 1895 चा, अमेरिकेत होलिओकला वायएमसीएच्या विल्यम मॉर्गनने काढलेला. सुरुवातीला बॉल फक्त इकडून तिकडे ढकलायचा, एका बाजूने किती टच घ्यायचे त्यालाही लिमिट नव्हती. उंच बूस्ट द्यायचा आणि दुसऱ्याने हाणायचा ही पद्धत 1916 च्या सुमारास फिलिपिन्समध्ये रुजली, आणि 1920 मध्ये तीन टचची मर्यादा आली. म्हणजे बूस्टरला खरी किंमत तिथून आली, कारण तीनातला मधला टच त्याचा. तेव्हा सर्व्हिससकट सगळं बोटांनीच घ्यायचे. आज आपण पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो तो दोन्ही हात जोडून अंडरहँड पास, तो तर खूप नंतरचा, पन्नासच्या दशकाच्या शेवटी पूर्व युरोपातून पसरला. रेफ्री होल्डिंगवर (बॉल हातात धरून ठेवण्यावर) कडक झाले, जोराची सर्व्हिस बोटांत अडकायला लागली, मग लोकांनी मनगटाच्या वरची हाडं पुढे केली.

इकडे कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर विसाच्या दशकापासूनच लोक खेळत होते आणि 1930 च्या आसपास दोन विरुद्ध दोन सुरू झालं. सहा जणांचं काम दोघांनी करायचं, वरून रेती आणि वारा. त्यांचा खेळ त्यांच्याच चालीने वाढला. आंतरराष्ट्रीय फेडरेशन 1947 मध्ये पॅरिसला स्थापन झालं, पण त्यांनी बीचकडे नीट बघितलं ते थेट 1987 ला, रिओच्या इपानेमा बीचवर. ऑलिंपिक तर 1996, अटलांटा. मधली पन्नासेक वर्षं किनाऱ्यावरच्या लोकांचेच रिवाज चालले.

आणि त्याच काळात इनडोअर बदलत गेलं ना. 1976 च्या मॉन्ट्रिअलनंतर इनडोअरमध्ये ब्लॉकचा टच मोजणं बंद झालं, ब्लॉकनंतर पूर्ण तीन मिळायला लागले. बीचवर आजही ब्लॉक हा पहिला टच, उरले दोन, म्हणजे ब्लॉक केलेल्याने धावत येऊन स्वतःच दुसरा टच घेतला तरी चालतं पण मग तिसऱ्याला बॉल पलीकडे गेलाच पाहिजे. मग 1995 पासून इनडोअरमध्ये पहिल्या टचला डबल (एकाच खेळाडूला बॉल लागोपाठ दोनदा लागणं) माफ झाला, बोटांनी घेतलं तरी. आमच्या त्या पोराच्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट, त्यामुळे त्याला सर्व्हिस बोटांनी घेणं हा जन्मसिद्ध हक्क वाटतो. बीचवर पहिल्या टचला हातावर, छातीवर एकाच ॲक्शनमध्ये दोनदा लागला तर माफ आहे, पण बोटांनी घेतला तर माफी नाही. नियमात सर्व्हिस बोटांनी घ्यायला बंदी नाहीये बरं का, डबल न होता घेऊन दाखवा, बस. हेलकावे खात येणारी सर्व्हिस तशी घेऊन दाखवणारा मी तरी अजून पाहिला नाही.

आता बूस्ट. इथे बॉलचा पण हात आहे. बीचच्या बॉलमध्ये हवा कमी, दाब चौरस सेंटीमीटरला 0.175 ते 0.225 किलो, इनडोअरला 0.30 ते 0.325. वजन दोन्हीचं 260 ते 280 ग्रॅमच, घेर मात्र बीचचा सेंटीमीटरभर जास्त. मऊ बॉल बोटांत जास्त बसतो. त्यामुळे बीचवर बूस्ट देताना लोक बॉल कपाळापर्यंत खाली येऊ देतात, गुडघे वाकवून दोन्ही हातांतून एकदम सारखा सोडतात, बॉल फिरतच नाही, नुसता तरंगत वर जातो. इनडोअरवाला तोच बॉल टकदिशी उडवतो, थोडी फिरकी आली तरी तिथे खपून जाते. खरं तर फिरकी हा फॉल्ट कुठेच नाही, दोन हात मागेपुढे लागले की बॉल फिरतो म्हणून रेफ्री फिरकीवरून अंदाज घेतो. मग फिरकी नको म्हणून बॉल जास्त वेळ धरला की होल्डिंगची शिट्टी! या दोन शिट्ट्यांच्या मधल्या गल्लीत बीचचा बूस्टर जगतो, आणि वारा सुटला की सरळ अंडरहँड बूस्ट देऊन मोकळा होतो.

बोटांनी बॉल पलीकडे टाकायचा तर खांद्यांच्या रेषेला काटकोनात, पुढे नाहीतर मागे. तिरका टाकला की फॉल्ट. पार्टनरला दिलेला बूस्ट चुकून पलीकडे गेला तर सूट आहे. टिपचं (जोरात न हाणता बॉल हळूच पलीकडे टाकण्याचं) पण तसंच, उघड्या सैल बोटांनी नाही. बोटं ताठ आणि जुळवलेली हवीत, किंवा मग वाकवून सांध्यांनी ठोसा. तसं बघा, 8 बाय 8 मीटरच्या चौकोनात दोघंच उभे, त्यात बोटांनी हवं तिथे ठेवायची मुभा दिली तर डिफेन्स करायचा कोणी? तेही रेतीत पाय रुतलेले असताना? (चौकोन आधी 9 बाय 9 होता, 2001 च्या सुमारास लहान केला.)

पण एका जागी बीच इनडोअरपेक्षा सैल आहे, आणि हेच कोणाला माहीत नसतं. अंगावर जोरात स्मॅश आला तर तो बोटांनी घेताना क्षणभर हातात थांबला तरी चालतो. मी हे सांगितलं तेव्हा पोरगा जलेबी हातात धरून तसाच बसला, म्हणे म्हणजे मी उगाच गेल्या गेममध्ये दोन वेळा तोंडावर खाल्ले का. हो.

तिथे आमच्यातले एक काका बसलेले, आयुष्यभर शूटिंग बॉल (व्हॉलीबॉलसारखाच आपल्याकडचा खेळ) खेळलेले. त्यांना हा सगळा वादच पटेना. त्यांच्या खेळात बूस्ट नाही, स्मॅश नाही, दोन्ही हातांनी हाणायचं. "आमच्यात बोटं फक्त सुजायची," म्हणाले, आणि वर थोडी सेव मागून घेतली.