चांदीची चादर आणि मोरचूद

"हे चादर धुवाचं कामच नाही म्हने. चांदी हाय म्हने तिच्यात. खरं हाय का बाप्पा?" वरूडच्या काकूंनी मोबाइलवरची जाहिरात माझ्यापुढे धरली. खाली ठळक अक्षरात: 99.9 टक्के जिवाणू नष्ट.

थाप म्हणावी तर तसंही नाही. काकू संत्र्याच्या झाडांना डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, बोर्डो मलम लावतात, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचुदात तांबं असतं. ओल मिळाली की त्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटतात आणि रोगाच्या बीजाणूंमधली प्रथिनं निकामी करतात. चांदीचंही तसंच. तिचे आयन जिवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटतात नि त्याचं कामकाज बंद पाडतात.

पण ओल हवी! प्रयोगशाळेत जिवाणूंचं द्रावण कापडावर टाकून ते 37 अंशांना 18 ते 24 तास ठेवतात, तेव्हा असे आकडे येतात. आपली चादर बहुतेक वेळ कोरडी. घामाने भिजली तरी घामात मीठ. त्यातलं क्लोराइड चांदीला धरून ठेवतं आणि तो क्षार पाण्यात जेमतेम विरघळतो.

शिवाय धुण्यात चांदी जाते. 2008 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठात चांदीचे मोजे धुऊन पाहिले, तर काही मोज्यांतली जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत पाण्यात गेली, काहींतली जेमतेम हलली. कापडात ती कशी बसवली यावर सगळं. पाकिटावर ते कुठे लिहितात? पावसाने बोर्डो धुतला की आपण पुन्हा मारतो. चादरीला पुन्हा चांदी कोण लावणार?

उशीवरचा पिवळा डाग तेलाचा नि घामाचा, त्याला चांदी काय करणार? सकाळच्या शिंका बहुधा धुळीतल्या माइटमुळे. हा आठ पायांचा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा जीव आपल्या गळालेल्या कातडीवर जगतो, पाणी हवेतून शोषतो. 60 अंशांच्या पाण्यात मरतो. विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात उन्हात टाकलेल्या वाकळीत तो सुकतो. त्याची विष्ठा मात्र आत राहते, आणि खरा त्रास तिचाच. ती धुतल्यानेच निघते.

"धुवाले सोपी हाय काय वाकळ?" काकू म्हणाल्या. "ओली झाली का पिळाले दोघं लागते."