मालव्याची रात्र आणि आलूची जात

चोइथराम मंडीत आलू, घरी आल्यावर बटाटा. इंदूरच्या मराठी घरांत ही दोन्ही नावं वर्षानुवर्षं एकाच पिशवीत नांदतात. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला. पिकाचं माहेर मात्र दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं, म्हणजे उंचावरचं आणि थंड रात्रींचं. उष्णता सोसणारा बटाटा घडवण्याचा सगळा खटाटोप या माहेरच्या सवयीशी आहे.

दिवसाचं ऊन हे झाड बऱ्यापैकी सोसतं. खरी अडचण रात्रीची. रात्रीचं तापमान १५ ते १८ अंश असेल तर जमिनीखालच्या पांढऱ्या फुटव्यांच्या टोकाला कंद छान धरतो. पारा २० च्या पुढे गेला की हे प्रमाण घटत जातं आणि २५ च्या पुढे कंद धरणं जवळपास थांबतं. पानांनी दिवसभर तयार केलेली साखर उबदार रात्री श्वसनात खर्च होते, उरलेली पाला वाढवण्यात जाते. शेत वरून हिरवंगार दिसतं आणि खणल्यावर बोराएवढे आलू हाती येतात. ‘आता कंद धर’ हा निरोप पानांकडून खाली नेणारं एसपी६ए नावाचं प्रथिन २०११ मध्ये ओळखलं गेलं. उष्णतेत ते कमी तयार होतं, म्हणजे निरोपच वाटेत अडतो.

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि मालव्याची रात्र, असं जुने लोक कौतुकाने म्हणत. ‘शब-ए-मालवा’चा तो गारवा आलूलाही मानवला. साडेपाचशे मीटर उंचीच्या या पठारावरच्या हिवाळी रात्री कंद धरण्याइतक्या गार असतात, पण पंजाबसारख्या कडाक्याच्या नसतात. फार थंडीत कंदात साधी साखर साठते आणि तळताना वेफर काळपट पडतात. इथे ती कमी राहते, म्हणून इंदूर, देवास, उज्जैन, शाजापूरच्या आलूला वेफरवाल्यांकडून मागणी असते. मालव्याच्या आलूचं नाव झालं त्यात जातीइतकाच रात्रीचा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

जातींची कथा मात्र इथून फार दूर, सिमल्याजवळच्या कुफरीत घडली. ब्रिटिश काळात आलेल्या युरोपीय जाती तिकडच्या उन्हाळ्यासाठी बनलेल्या होत्या: चौदा तासांचा दिवस, पाचेक महिन्यांचा हंगाम. आपल्या सपाटीवर पीक हिवाळ्यात, दिवस दहा-अकरा तासांचा आणि हाती जेमतेम शंभर दिवस. नव्या जाती तयार करायच्या तर संकर हवा, संकराला फूल हवं, आणि आखूड दिवसांत ही झाडं धड फुलतच नाहीत. डोंगरात लांब दिवसांच्या उन्हाळ्यात फुलतात. म्हणून १९३५ मध्ये सिमला, कुफरी आणि कुमाऊंतल्या भवाली इथे पैदाशीचं काम सुरू झालं. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्यात स्थापन झाली, १९५६ मध्ये सिमल्याला हलली, आणि तेव्हापासून तिथल्या प्रत्येक जातीच्या नावाआधी ‘कुफरी’ लागतं. तापलेल्या पठारांवर वाढायच्या जातींचाही जन्म असा थंड डोंगरातच व्हावा लागला.

१९६८ मध्ये ‘कुफरी ज्योती’ आणि ‘कुफरी चंद्रमुखी’ आल्या. १९७२ मध्ये आली ‘कुफरी लवकर’. हे नाव मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. सेरकोव्ह आणि अदिना या जातींच्या संकरातून निवडलेली ही जात महाराष्ट्राच्या पठारासाठी होती आणि कंद झपाट्याने पोसणं हा तिचा गुण. मालव्याने तिला आपलं केलं. १९९८ मध्ये ‘चिप्सोना’ जाती येईपर्यंत इथल्या वेफरच्या आलूत ‘लवकर’ आणि ‘ज्योती’ यांचाच बोलबाला होता.

पुढची पायरी पेरूमधून आली. लिमा इथे १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र उभं राहिलं. उष्ण प्रदेशांच्या सखल भागांत तगेल असा बटाटा शोधताना तिथे ‘एलटी-१’ हा वाण पुढे आला. सिमल्याच्या पैदासकारांनी त्याचा संकर ‘कुफरी लवकर’शी केला आणि २००५-०६ च्या सुमारास ‘कुफरी सूर्या’ प्रसारित झाली. रात्र वीस अंशांच्या आसपास रेंगाळत असतानाही ती कंद धरते. आई आणि लेक यांच्यात तीसहून अधिक वर्षांचं अंतर आहे. या कामाचा वेग हाच आहे, आणि त्याची घाई करणाऱ्यांनी तो आधी समजून घ्यावा.

मालव्यातल्या शेतकऱ्याला उबदार रात्रीही कंद धरण्याचा हा गुण का हवा, ते सोयाबीनच्या काढणीत दिसतं. सप्टेंबरअखेर शेत मोकळं होतं. तेव्हाच आलू लावला तर माल आधी मंडीत जातो, भाव बरा मिळतो आणि मागून कांदा किंवा गहू घेता येतो. पण त्या दिवसांतल्या रात्री अजून गार झालेल्या नसतात. शिवाय मातीही तापलेली असते. अशा मातीत कापून लावलेली फोड सडते, मग जात कितीही सोशीक असो. म्हणून लवकरच्या लावणीला अख्खं, लहान बेणंच वापरावं लागतं. एकरी खर्चात बेण्याचा वाटा आधीच मोठा, त्यात हे अख्खं बेणं आणखी महाग पडतं.