ट्रक बोटीत चढतो, ड्रायव्हर कुठं झोपतो? रातच्या फेरीची पार्श्वभूमी

सोलापुरात रोरो (रोल-ऑन रोल-ऑफ, म्हणजे भरलेली गाडी चाकांवरच चढवायची आणि तशीच उतरवायची) म्हणजे काय हे बऱ्याच जणांना 2020 ला कळलं. 30 ऑगस्टला बेंगळुरूजवळच्या नेलमंगलाहून आपल्या बाळे स्टेशनासाठी पहिली रोरो मालगाडी सुटली, धर्मावरम, गुंतकल, रायचूर, वाडी असं करत 682 किलोमीटर. भरलेले ट्रक सरळ उघड्या वॅगनवर चढवायचे, एका गाडीला 42 ट्रक. तेव्हा चर्चा काय झाली तर डिझेल किती वाचणार, टोल किती वाचणार, हायवेवरचं ट्राफिक किती कमी होणार. ड्रायव्हरच्या वाट्याला एकच ओळ आली: दर ट्रकला दोन माणसं चालतील, दोघांनी सेकंड क्लासचं तिकीट काढायचं. प्रवास साधारण 17 तासांचा आणि सेकंड क्लासच्या तिकिटात बर्थ येत नाही, मग माणसानं त्या 17 तासात पाठ कुठं टेकायची हे कुणाला विचारावंसंच वाटलं नाही.

हाच प्रश्न समुद्रावर सत्तर-ऐंशी वर्षं चालू आहे. युरोपात ट्रक रातच्या रात बोटीनं पलीकडं जातात, इंग्लंडहून हॉलंडला, जर्मनीहून स्वीडनला, ग्रीसहून इटलीला, आणि तिथं ड्रायव्हर झोपतो कुठं यावर चक्क कायदा आहे. पण तो कायदा ड्रायव्हरच्या दयेपोटी आलेला नाही, हे आधी ध्यानात घ्या.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरची. रणगाडे किनाऱ्यावर उतरवायला जी जहाजं बांधली होती, पुढचं तोंड उघडून गाडी थेट बाहेर येणारी, ती लढाई संपल्यावर रिकामी पडली. फ्रँक बस्टर्ड नावाच्या ब्रिटिश माणसाच्या डोक्यात आलं की रणगाडा चढतो तर लॉरी का नाही चढणार, आणि त्याच्या अटलांटिक स्टीम नॅव्हिगेशन कंपनीनं अशी जहाजं भाड्यानं घेतली. 1946 ला टिलबरीहून रॉटरडॅमला पहिली खेप गेली, 1948 ला प्रेस्टनहून उत्तर आयर्लंडातल्या लार्नला माल नेणाऱ्या लॉऱ्यांची नेहमीची फेरी सुरू झाली. 1957 ला आलेली बार्डिक फेरी नावाची बोट तर अशा वाहतुकीसाठीच बांधलेली. तोवर माल म्हणजे पेटी, पोतं, क्रेन आणि हमाल, आणि माल बोटीत गेला की गाडीवाल्याचं काम संपलं. आता मालाबरोबर चाकं आली, चाकांबरोबर माणूस आला, म्हणजे मालवाहू जहाजावर एक असा माणूस चढला जो खलाशी पण नाही आणि सहलीला निघालेला प्रवासी पण नाही.

जहाजाच्या नियमात हा माणूस प्रवासीच मोजला जातो. आणि आंतरराष्ट्रीय नियम असा की 12 पेक्षा जास्त प्रवासी घेतले की ते पॅसेंजर जहाज ठरतं, मग लाइफबोटीपासून आगीपर्यंत सगळे नियम कडक, खर्च वाढला. म्हणून बऱ्याच मालवाहू रोरो जहाजांवर ड्रायव्हरसाठी फक्त 12 जागा. बाकीचे ट्रेलर ड्रायव्हरशिवाय जातात, इकडच्या बंदरात एकजण सोडून जातो, तिकडच्या बंदरात दुसरा येऊन जोडतो. मालकाला हे बरंच परवडतं, कारण झोपणाऱ्या माणसाचा प्रश्नच राहत नाही. आपल्याकडं सांगोल्याच्या डाळिंबाचा रीफर कंटेनर (माल गार ठेवणारा) न्हावा शेवा बंदरात उतरला की ड्रायव्हर परत फिरतो, पुढं समुद्रावर कंटेनर एकटाच, तसंच समजा.

जिथं ड्रायव्हर बरोबर जातो तिथं खरी भानगड. नियम सांगतो की जहाज चालू असताना गाड्यांच्या बंद डेकवर, म्हणजे गाड्या लावायच्या मजल्यावर, प्रवाशानं थांबायचं नाही. ट्रक साखळ्यांनी बांधलेले असतात, दोन ट्रकमध्ये माणूस आडवा होऊन जेमतेम सरकेल एवढीच जागा, शिवाय आग लागली तर धूर कोंडतो. पाण्याचं तर विचारूच नका. 6 मार्च 1987 ला हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज नावाची बोट बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि काही मिनिटांत आडवी झाली, 193 माणसं गेली. टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेली एस्टोनिया नावाची बोट 28 सप्टेंबर 1994 ला मध्यरात्रीनंतर बुडाली, 852 गेले. तिचं पुढचं झाकण तुटलं, पाणी गाड्यांच्या डेकवर शिरलं, आणि त्या डेकच्या खाली सुद्धा झोपायच्या केबिन होत्या.

दुसरा धागा रस्त्यावरून आला. युरोपनं 1969 पासून ड्रायव्हरच्या तासांचे नियम केले, किती चालवायचं, किती आराम. मग मालक विचारायला लागले की बोटीवरचे तास कशात धरायचे, गाडी तर चालत नाही. 1985 च्या नियमात उत्तर होतं की बोटीवरचा वेळ विश्रांतीत धरता येईल, पण ड्रायव्हरला बंक, म्हणजे झोपायचा बर्थ, मिळाला पाहिजे. 2006 चा नियम, क्रमांक 561, हेच नीट मांडतो: रोजचा 11 तासांचा आराम बोटीवर किंवा ट्रेनवर घेता येतो, मध्ये दोनदा उठून गाडी चढवायला-उतरवायला लागलं तर चालेल, पण दोन्ही मिळून एक तासाच्या वर नको. तासांची नोंद करणाऱ्या टॅकोग्राफ मशिनमध्ये त्यासाठी फेरी-ट्रेनची वेगळी खूण सुद्धा आहे. 2020 च्या सुधारणेनं आठवड्याची मोठी सुट्टीही बोटीवर धरायला परवानगी दिली, पण फेरी निदान 8 तासांची हवी आणि झोपायला केबिन हवी.

म्हणजे बघा, बंक आला तो हिशोबातून आला. बंक दाखवला की मालकाचे तास वाचतात, सकाळी ड्रायव्हर बोटीतून उतरला की सरळ स्टिअरिंगवर. युरोपात उत्तरेकडच्या बऱ्याच फेऱ्यांवर त्यातून चांगली सोय उभी राहिली हे कबूल करायला पाहिजे, ट्रकवाल्यांसाठी वेगळं लाउंज, भाड्यातच जेवण, केबिन, आंघोळ. आपल्या हैदराबाद रोडच्या ढाब्यावर खाटेवर सोलापुरी चादर ओढून पडणाऱ्या गड्याला हे ऐकून खोटंच वाटेल.

पण कागदावर बंक असणं आणि तिथं झोप लागणं यात फरक आहे. ग्रीस-इटली मार्गावर तो फरक फार महागात पडला. 18 फेब्रुवारी 2022 ला युरोफेरी ऑलिंपिया नावाची बोट इगुमेनित्साहून ब्रिंडिसीला निघालेली, वर 153 ट्रक, आणि पहाटे ग्रीसच्या कॉर्फू बेटाजवळ गाड्यांच्या डेकवर आग लागली. 11 माणसं गेली, सगळे ट्रक ड्रायव्हर. ट्रकवाल्यांच्या संघटनेचं म्हणणं आलं की केबिनमध्ये गर्दी आणि घाण असते म्हणून पोरं आपल्या ट्रकमध्येच झोपतात, नियम असो नसो. बेलारूसचा एक तरुण ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी जहाजाच्या मागच्या बाजूला जिवंत सापडला. त्याच समुद्रात डिसेंबर 2014 ला नॉर्मन अटलांटिक ही बोट जळालेली. म्हणजे सात वर्षं आधी इशारा मिळालेला होता.

लोक लगेच म्हणतात की नियम होता, ड्रायव्हरनं ऐकलं नाही. मला हे पटत नाही. ट्रकची केबिन हे त्याचं घर असतं, तिथं त्याची गादी, त्याचा डबा, त्याच्या कागदांची पिशवी, आणि मालावर पण त्याचीच नजर. ते सोडून त्यानं अनोळखी तिघांबरोबर कोंदट खोलीत जावं असं वाटत असेल तर खोली तशी पाहिजे. शिवाय त्याच मार्गावर उन्हाळ्यात काही बोटी कॅम्पर व्हॅनवाल्या टुरिस्टांना उघड्या डेकवर आपल्याच गाडीत झोपू देतात, तेही ड्रायव्हर बघतोच की.

रेल्वेवर पण युरोपचा हिशोब तोच. जर्मनीच्या फ्रायबुर्गहून इटलीच्या नोव्हाराला 2001 पासून ट्रक ट्रेनवर चढवून आल्प्स पार करत, तर त्या गाडीला ड्रायव्हरांसाठी झोपायचा वेगळा डबा जोडलेला असे. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात तर प्रवास 35 मिनिटांचा, तरी ट्रकवाल्यांना वेगळ्या डब्यात बसवतात.

आपल्याकडं समुद्राच्या फेऱ्या छोट्या. दाभोळ-धोपावे म्हणजे चहा पिऊन होईपर्यंत पलीकडं. नोव्हेंबर 2020 ला सुरू झालेली हजिरा-घोघा मोठी, 30 ट्रक मावतात, 370 किलोमीटरचा वळसा 90 वर आला, पण तीही साधारण चार तासांची, एक डुलकी काढता येते एवढंच. रात्रभराचा प्रश्न आपल्याकडं रुळावर आहे. आणि रुळावर आपण 26 जानेवारी 1999 लाच उतरलो, कोकण रेल्वेनं कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी ट्रकची रोरो काढली. तिथं ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्येच बसतात, झोपतात. उघडी वॅगन आहे, धूर कोंडत नाही हे खरं, पण आता त्या मार्गावर वीज आली, डोक्यावर 25 हजार व्होल्टची तार, ताडपत्री सुटली म्हणून वर चढला तर संपलंच.

कायदा नव्हता असं नाही. 1961 चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 असं सांगत होता, रात्री मुक्काम करावा लागतो तिथं मालकानं विश्रांतीची खोली द्यावी असंही त्यात होतं. फक्त तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू होता. आपल्या मार्केट यार्डात ज्याचे एक-दोन ट्रक आहेत आणि बऱ्याचदा तो स्वतःच चालवतो, त्याला काय त्याचं. आता 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, चांगलंच आहे, पण वॅगनवर नाहीतर डेकवर इंजिन बंद असतं, मे महिन्यात गुंतकल-वाडीच्या पट्ट्यात तो एसी चालणार कशावर?

ऑगस्ट 2025 ला कोकण रेल्वेनं गणपतीसाठी कारची रोरो सुरू केली, तोच कोलाड-वेर्णा मार्ग. कारमध्ये बसून प्रवास करायला मनाई, माणसांसाठी गाडीला डबे जोडले, त्यात थर्ड एसी पण. ट्रकच्या रोरोला 26 वर्षं झाली होती तेव्हा.