पुढाकाराचे तत्त्व

पुढाकाराचे तत्त्व : व्यवस्थापनाच्या अभिजात तत्त्वांपैकी एक. कामाची योजना स्वतः आखून ती तडीस नेण्याची मोकळीक कर्मचाऱ्याला असावी, असे ते सांगते. फ्रेंच खाण-अभियंते आंरी फायोल (१८४१–१९२५) यांच्या १४ तत्त्वांत त्याचा क्रम तेरावा आहे. यादी पूर्ण नाही हे फायोल यांनीच मान्य केल्याने क्रमावरून महत्त्व ठरविणे योग्य नव्हे.

मांडणीचे वर्ष सहसा १९१६ धरतात. तेव्हा फायोल यांचा प्रबंध खाणउद्योगाच्या नियतकालिकात आला. काही ग्रंथांतील १९१७ हे वर्ष त्याच प्रबंधाच्या पुस्तकरूपाचे आहे. बीज त्याहून जुने असावे. १८६१ च्या सुमारास फ्रान्समधील कॉमांत्री येथील खाणीत एका घोड्याचा पाय मोडला. तरुण फायोल यांनी दुसऱ्या घोड्यासाठी दिलेली चिठ्ठी संचालकांची सही नाही म्हणून तबेल्यात नाकारली गेली. संचालक बाहेर होते, त्यांच्या जागी कोणी नेमलेले नव्हते, आणि काम अडले. हा प्रसंग पुष्कळदा पुढाकाराशी जोडतात. पण त्याचा रोख अधिकाराचा प्रतिनिधी सदैव हजर असण्यावर आहे, हे लक्षात घेतलेले बरे.

शास्त्रीय व्यवस्थापनाचे अमेरिकी प्रवर्तक फ्रेडरिक टेलर यांच्या १९११ च्या ग्रंथातही पुढाकार हा शब्द येतो, मात्र निराळ्या अर्थाने. तेथे तो कामगाराची मेहनत, सदिच्छा व कल्पकता यांचा निदर्शक असून कामाच्या आखणीचा भार व्यवस्थापनावर टाकला आहे. फायोल यांच्याकडे आखणी हाच पुढाकाराचा गाभा. दोहोंना एकाच परंपरेत बसविण्याची पाठ्यपुस्तकी रीत त्यामुळे पटत नाही.

फायोल यांचा पुढाकार अनिर्बंध नव्हे. अधिकार व शिस्त यांचा मान राखूनच तो घ्यायचा. उलट बाजूने, हाताखालच्यांना स्वतः आखलेले काम तडीस नेण्याचे समाधान मिळावे म्हणून वरिष्ठाने थोडा अहंकार सोडावा, असेही ते सांगतात. समान पातळीवरील दोघांनी, वरिष्ठांच्या संमतीने व त्यांना कळवून, परस्पर काम उरकण्याचा त्यांचा ‘सेतू’ याच वृत्तीचा. त्याची चर्चा मात्र श्रेणीसाखळीच्या (वरिष्ठापासून कनिष्ठापर्यंतच्या अधिकारक्रमाच्या) तत्त्वाखाली येते. सूचनापेटीसारखी व्यवहारातील रूपे परिचितच आहेत.

अशी तत्त्वे म्हणींसारखी परस्परविरोधी जोड्यांत सापडतात, अशी टीका प्रशासनाचे अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९४६ मध्ये केली. त्यांनी तपासलेल्या तत्त्वांत आज्ञेची एकता (प्रत्येकाने एकाच वरिष्ठाची आज्ञा घ्यावी हे तत्त्व) होती, पुढाकार नव्हता.