मास्कच्या दोन वर्षांत फ्लू कुठे गेला होता?

श्रावण-भाद्रपदात घरात एकजण तरी खोकत असणार, हे पुणेकरांना सवयीचे आहे. भारतात फ्लूचा जोर साधारण दोनदा असतो, जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात. पुण्यातला पावसाळी फेरा नेमका शाळा भरलेल्या असताना आणि गणपतीच्या गर्दीत गाठतो. २०२० मध्ये शाळाही भरल्या नाहीत आणि विसर्जनाची मिरवणूकही निघाली नाही.

मास्क मात्र पुण्याला तेव्हा नवा नव्हता. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तोही एका शाळकरी मुलीचा. मग शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले. ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी रुमाल बांधला आणि कापूर-वेलचीची पुरचुंडी जवळ ठेवली. (पुरचुंडीने नाक मोकळे होत असेल, विषाणूचे काही बिघडत नाही.) काही आठवड्यांत भीती ओसरली, विषाणू मात्र मुक्कामाला राहिला. आजच्या हंगामी फ्लूतला एच१एन१ त्याच्याच वंशातला.

९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले कोविड रुग्ण पुण्यातच सापडले. या वेळी मास्कची सक्ती उठायला २०२२ चा गुढीपाडवा उजाडला. इतकी लांबलेली आणि जगभर एकाच वेळी पाळलेली खबरदारी याआधी कोणी पाहिली नव्हती. २०२० च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात फ्लू जवळजवळ दिसलाच नाही.

ज्या उपायांनी कोविड थांबला नाही, त्यांनी फ्लू कसा थांबला? हिशेब सोपा आहे. फ्लूचा एक रुग्ण सरासरी सव्वा-दीड जणांना आजार देतो, कारण बऱ्याच जणांच्या अंगात आधीची थोडीफार प्रतिकारशक्ती असते. सुरुवातीच्या कोविडचा रुग्ण अडीच-तीन जणांना देत होता. माणसांचा संपर्क निम्म्यावर आणला तरी कोविड सव्वा-दीडवर राहतो, म्हणजे पसरतोच. फ्लू एकाच्या खाली घसरतो आणि साखळी तुटते. त्यात फ्लू घरोघर पोचवणारी मुले घरी बसली होती आणि देशोदेशी नेणारी विमाने जमिनीवर होती.

साधी सर्दी मात्र हटली नाही. तिचा मुख्य विषाणू, ऱ्हायनोव्हायरस, याच्याभोवती चरबीचे आवरण नसते. सॅनिटायझरमधले अल्कोहोल हे आवरण फोडूनच फ्लू किंवा कोविडचा विषाणू निकामी करते. आवरणच नाही, तिथे त्याचा जोर कमी पडतो.

फ्लूची एक शाखा तर गेली ती परतलीच नाही. बी-यामागाटा हा आधीच रोडावलेला प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेही सापडलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो लशीतून वगळण्याची शिफारस केली.

बाकीचे परतले, पण वेळ चुकवून. तान्ह्या मुलांना धाप लावणारा आरएसव्ही अमेरिकेत एरवी थंडीतला, २०२१ मध्ये तो उन्हाळ्यातच उसळला. याला ‘प्रतिकारशक्तीची उधारी’ म्हणायची पद्धत पडली. मला तो शब्द पटत नाही. त्यातून वाटते की मास्कमुळे शरीर गंजले. शरीर होते तसेच होते. विषाणूशी गाठच न पडलेली दोन-अडीच वर्षांची मुले साठत गेली आणि एरवी टप्प्याटप्प्याने येणारी आजारपणे एकदम आली. २०२२ मध्ये ज्यांचे मूल पहिल्यांदा बालवाडीत गेले, त्या आईबापांना हे वेगळे सांगायला नको.

२०२३ च्या सुरुवातीला देशभर रेंगाळणाऱ्या खोकल्याची साथ आली, तीमागे एच३एन२ होता. लोकांना तो नवा वाटला, पण माणसांत तो १९६८ पासून आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘नवा विषाणू’ म्हणून गाजलेला एचएमपीव्ही तर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००१ मध्येच ओळखला होता.