कॅमशाफ्ट टायमिंगमधील बिघाडाचे निदान

मोटारीच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट (पिस्टनांमुळे फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्यातील ठरलेला मेळ सुटला आहे काय, सुटला असल्यास किती अंशांनी आणि कशामुळे, हे ठरवण्याच्या पद्धतीला कॅमशाफ्ट टायमिंगचे निदान म्हणतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते आणि हे प्रमाण टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन राखते. क्रँकच्या पुलीला २० आणि कॅमच्या पुलीला ४० दात असतील, तर बेल्ट एका दाताने सरकताच व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ क्रँकच्या मापाने १८ अंशांनी चुकते. अशी गाडी बहुधा चालू होते. परंतु तिचा पिकअप पडतो, इंजिन मिसिंग करते आणि इंधन जास्त लागते. मेळ याहून अधिक सुटल्यास, ज्या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्या वाटा एकमेकींना छेदतात, तेथे व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावे लागते.

मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच होता आणि त्याला फिरवणारी चेन आखूड होती. आजच्या बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्ट हेडमध्ये, अनेकदा जोडीने असतात; चेन लांब असते, तिला ताठ धरणारा, तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर लागतो आणि पुष्कळ इंजिनांत कॅमचा कोन चालत्या गाडीत बदलणारी व्हीव्हीटी यंत्रणाही असते. त्यामुळे ‘टायमिंग गेले’ या एका तक्रारीमागे यांत्रिक, विद्युत किंवा तेलाचे कारण असू शकते.

निदानाची सुरुवात सहसा गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने होते, आणि घाईचे निष्कर्षही तेथेच निघतात. पी०३४० हा कोड कॅम सेन्सरच्या सर्किटविषयी असतो, पी००११ कॅम अपेक्षेपेक्षा पुढे राहिल्याचे सांगतो, तर पी००१६ क्रँक आणि कॅम या दोन सेन्सरांचे संकेत परस्परांशी जुळत नसल्याची नोंद करतो. यांपैकी कोणताही कोड निकामी झालेल्या भागाचे नाव सांगत नाही. पी००१६ दिसताच चेनचा पूर्ण संच बदलण्याचा सल्ला म्हणूनच अकाली ठरतो. झिजून लांबलेली चेन, कमजोर टेन्शनर, अडकलेला व्हीव्हीटी गिअर किंवा क्रँकवर सरकलेली सेन्सरची चकती यांपैकी कशानेही तो उमटू शकतो.

पहिली तपासणी तेलाची करावी, कारण ती जवळजवळ फुकट होते. व्हीव्हीटी आणि टेन्शनर दोन्ही तेलाच्या दाबावर चालतात. पातळी घटलेली असेल, चुकीच्या ग्रेडचे तेल घातलेले असेल किंवा गाळाने व्हीव्हीटीला तेल सोडणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हची बारीक जाळी तुंबली असेल, तर चेन धड असूनही कॅमचा कोन चुकतो. पश्चिम द्रुतगती महामार्गावरील कोंडीत इंजिन तासन्‌तास चालते आणि मीटरवर किलोमीटर मात्र थोडेच पडतात, त्यामुळे केवळ किलोमीटर पाहून तेल बदलणाऱ्या मुंबईकराच्या गाडीत हा गाळ वेळेआधीच साचू शकतो. थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद होणारी खडखड टेन्शनरकडे बोट दाखवते.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा असतो. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीत सेन्सरच्या कनेक्टरमध्ये ओल शिरून पी०३४० येऊ शकतो. तो सुकवून, पिना व वायरी तपासूनच पुढे जावे. इंजिनाने पाणी ओढले असल्यास कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकू शकतो आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन होणारा दाब) घटते. पण ते बहुधा एखाद्या सिलिंडरचे घटते. टायमिंग सुटून कॅम मागे पडलेला असेल, तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटल्यामुळे सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन साधारण सारखेच कमी येते. हा फरक निदानात फार उपयोगी पडतो. (वाकलेल्या व्हॉल्व्हमुळे चित्र पुन्हा असमान होते, हे ध्यानात ठेवावे.)

पेट्रोल इंजिनात इनटेकमधील निर्वात मोजणारे व्हॅक्यूम गेजही लावतात. धड इंजिन मंद गतीत समुद्रसपाटीला पाऱ्याचे सुमारे ४३० ते ५३० मिलिमीटर दाखवते; कॅम मागे पडल्यास काटा स्थिर, पण खाली राहतो. मुंबईत हे आकडे जसेच्या तसे लागू पडतात, मात्र सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यात तीच गाडी अंदाजे ५० मिलिमीटर कमी दाखवते. सेन्सरांच्या संकेतांचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप असल्यास काम अधिक नेमके होते: ६० पैकी २ दात गाळलेल्या क्रँकच्या चकतीवर प्रत्येक दात ६ अंशांचा असतो, त्यामुळे त्या रिकाम्या जागेपासून कॅमचा संकेत किती दातांवर येतो हे मोजून, धड इंजिनाच्या आलेखाशी ताडून, चूक टायमिंगचे कव्हर न उघडताच अंशांत सांगता येते.

कव्हर उघडून खुणा जुळवणे ही शेवटची पायरी होय. क्रँक फिरण्याच्या नेहमीच्या दिशेनेच आणि हाताने फिरवावा. उलट फिरवल्यास काही इंजिनांत सैल बाजूची चेन दात सोडते. पुलीच्या खुणा जुळूनही संकेत चुकत असल्यास क्रँकच्या पुलीची चावी आणि मधला बोल्ट पाहावा. नवी चेन बसवल्यावर क्रँकला दोन पूर्ण फेरे देऊन पुलीच्या खुणा पुन्हा ताडतात. बसवताना खुणांशी जुळवलेल्या चेनच्या रंगीत कड्या मात्र या वेळी खुणांवर येत नाहीत, कारण त्या पुन्हा जुळायला अनेक फेरे लागतात, आणि हे माहीत नसलेला फिटर बरोबर बसलेली चेन पुन्हा उतरवतो.